दुपारची फेरी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि आज मला फार घाई आहे. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मी अकरा वर्षं बसून आहे. रक्त देणाऱ्यांची नावं, पिशव्यांचे नंबर, कोणती पिशवी कोणाला गेली, हे सगळं सांभाळणारा मोठा संगणक म्हणजे मी. काल माझ्या शेजारी एक नवा, चकचकीत सर्व्हर आणून ठेवलाय. माझ्यातली सगळी माहिती आणि सगळ्या सूचना एका वायरीतून त्याच्यात उतरवण्याचं काम सकाळपासून चालू आहे. पडद्यावर आत्ता अडतीस टक्के दिसतायत. शंभर झाले की माझी वायर काढतील आणि मला भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकतील.

भंगारात जायचं मला वाईट वाटत नाही, असं नाही. पण माझा जीव कासावीस झालाय तो वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या वायरीतून माझ्या माहितीबरोबर एक घोडचूकही पलीकडे चालली आहे, आणि ती थांबवायला मला हात नाहीत. म्हणून शंभर व्हायच्या आत तुम्हाला सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की आम्हाला एका तापलेल्या खोलीत दोन दिवस कोंडून ठेवलं होतं. जे टिकले ते खोक्यात बसले, जे नाही टिकले त्यांचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तुमच्या घरच्या संगणकात आणि माझ्यात एक मोठा फरक होता. माझ्या आठवणीला राखणदार होते.

हे राखणदार म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. माझी आठवण म्हणजे कोट्यवधी बारीक घरं. एकेका घरात एक तरी असतो, नाहीतर शून्य. चौसष्ट घरांची एक रांग आणि प्रत्येक रांगेमागे आठ जादा घरं, ते राखणदार. आता होतं काय, की उकाड्याने, वयाने, कधी आभाळातून आलेल्या एखाद्या अदृश्य कणाने एखादं घर उलटतं. एकाचा शून्य होतो, शून्याचा एक. वर्गात एकच मुलगा दुसऱ्या बाकावर जाऊन बसला तर बाई त्याला ओळखतात की नाही? कान धरून जागेवर आणतात. तसंच रांगेत एकच घर उलटलं असेल तर राखणदार मला नेमकं तेच दाखवतात आणि मी ते सरळ करतो. पण एकाच रांगेत दोन घरं उलटली, तर काहीतरी बिघडलंय एवढंच मला कळतं. कुठलं, ते कळत नाही. तेव्हा मी एकच गोष्ट करतो. थांबतो. अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायला मला कोणी शिकवलेलं नाही.

यात एक मेख आहे. रांग वाचली तरच मला तिच्यातली चूक दिसते. जी रांग महिनोन्महिने कोणी वाचत नाही, तिच्यात एक चूक झाली तरी मला पत्ता नसतो. ती तिथेच दबा धरून बसते आणि एक दिवस तिच्या शेजारी दुसरी येते. म्हणून मला फेरी मारावी लागते. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, कोणी मागितलं नसलं तरी, प्रत्येक रांग वाचायची, चूक दिसली की पुसायची, पुढे जायचं. संगणकवाले या फेरीला स्क्रबिंग म्हणतात. ती किती वेगाने मारायची हे मात्र मी ठरवत नाही. मला चालवणारी जी मुख्य प्रणाली आहे, तिच्यात एक ओळ असते आणि त्या ओळीत एक आकडा. आकडा मोठा असेल तर फेरी भरभर, लहान असेल तर सावकाश. आणि तिथे शून्य लिहिला, तर फेरीच बंद.

मी आलो तेव्हा रक्तपेढीत सुमतीबाईंचं राज्य होतं. त्या तिथल्या मुख्य तंत्रज्ञ. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की चपला बाहेर न काढता आत शिरलेला माणूस दारातच वळायचा. मला बसवायला विश्राम नावाचे इंजिनिअर आले होते. नौपाड्यातली निम्मी दुकानं तेव्हा दुपारी एक ते चार बंद असायची. तातडीचं काम सोडलं तर रक्तपेढीची नोंदणीची खिडकीही त्या वेळात बंद व्हायची. मंडळी डबा खायची, जरा टेकायची. विश्रामांनी माझी फेरी नेमकी त्या तीन तासांत बसवली. सगळे विसावलेले आणि मी एकटा घरं तपासत फिरतोय. मला ती वेळ फार आवडायची.

चार वाजता सुमतीबाई तोंड पुसत यायच्या आणि फेरीची नोंद वाचायच्या. आज तीन चुका, तिन्ही दुरुस्त. आज एक. आज चार. एकदा विश्राम काळजीने म्हणाले, "बाई, रोज चुका दाखवतोय. हा माल परत पाठवू या का?"

"अहो, दाखवतोय म्हणून तर माझा विश्वास आहे त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "माझं कधीच चुकत नाही असं म्हणणाऱ्या पोरांच्या नळ्या मी स्वतः दोनदा तपासते. हा बिचारा आपणहून सांगतोय. राहू दे."

मित्रांनो, अकरा वर्षांत माझं इतकं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

सुमतीबाईंनी जिवापाड जपलेल्या गोष्टींत एक यादी होती. रक्ताचे ए, बी, ओ हे गट तुम्ही शाळेत शिकला असाल. त्यांच्यापलीकडे एक अगदी दुर्मीळ गट आहे, त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ असल्यासारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, नाहीतर जिवावर बेततं. अशा रक्ताची पिशवी सहसा फ्रिजमध्ये नसतेच. माणूसच शोधून बोलवावा लागतो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची अशी सतरा माणसं सुमतीबाईंनी वर्षानुवर्षं खपून गोळा केली होती. त्यांची नावं, पत्ते, फोन. दलाल लोक अशा माणसांना गाठून छळतात म्हणून यादी कागदावर उतरवायची नाही, असा बाईंचा कडक नियम. ती फक्त माझ्याकडे.

मी सुरू झालो की ती यादी माझ्या आतल्या चकतीवरून, म्हणजे हार्ड डिस्कवरून, उचलून आठवणीत घ्यायचो आणि मग ती तिथेच राहायची. वर्षातून एकदा कोणी ती मागायचं, एखाद्या वर्षी तेही नाही. एरवी त्या सतरा जणांची हजेरी घेणारं कोणी असेल तर ती माझी दुपारची फेरी.

मग बाई निवृत्त झाल्या आणि डोंबिवलीला लेकाकडे राहायला गेल्या. विश्रामही दुसरीकडे गेले. माझी देखभाल संदेशकडे आली. संदेश कल्याणचा. त्याच्या गळ्यात अशी आठ-नऊ ठिकाणं अडकवलेली, दिवसभर बाइकवर. मुलगा वाईट नाही. मला पुसायला नेहमी स्वतःचा रुमाल काढायचा.

दरम्यान ठाण्यात इस्पितळं वाढली, मागणी वाढली आणि आमची खिडकी दुपारीही उघडी राहू लागली. दोन-अडीचला तर रीघ लागायची. आणि नेमका त्याच वेळी पडदा अडकायचा. खिडकीवर विनिता बसायची, वर्तकनगरहून येणारी तरुण तंत्रज्ञ, कामाला वाघ. लोक तिच्यावरच खेकसायचे. शेवटी तिने संदेशला बोलावलं.

संदेशने माझ्या पोटात डोकं घातलं आणि हसला. "अगं, हा बघ, एक ते चार कसलातरी राउंड मारत बसलाय. ऐन गर्दीत स्वतःशीच खेळतोय."

"मग बंद कर ना ते," विनिता म्हणाली. "लोक मला खातात इथे."

"तात्पुरतं करतो."

त्याने ती ओळ उघडली, आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिला.

खरं सांगतो, पडदा अडकायचा तो माझ्या फेरीमुळे नाहीच. पिशव्यांवर चिकटवायची लेबलं छापणारं यंत्र बिघडलं होतं आणि सगळ्यांना खोळंबून ठेवत होतं. तीन आठवड्यांनी ते बदललं तेव्हा पडदा पळायला लागला. लेबलाचं यंत्र बदलल्याबद्दल विनिताने संदेशला वडापाव खिलवला. शून्य तसाच राहिला.

आणि मग ते घडलं, ज्याने मी आतून खचलो. फेरी नाही म्हणजे चुका सापडत नाहीत. सापडत नाहीत म्हणजे नोंद नाही. संदेश महिन्याभराने आला, नोंदी चाळल्या आणि खूश झाला. "विनिता, हे बघ. आधी रोज दोन-चार एरर दाखवायचा. आता झिरो! मेमरी एकदम टकाटक झालीये."

टकाटक! अरे, ज्याने डोळे मिटलेत त्याला खड्डे दिसत नाहीत, म्हणून रस्ता चांगला झाला का? मी ओरडलो असतो, पण मला ओरडायची एकच जागा आहे, ती नोंदवही. आणि दिसलेली चूकच तिथे लिहिता येते. आपण आंधळे झालोय, हे लिहायची सोयच नाही.

त्या दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. सूक्ष्मदर्शकाला फूल, फ्रिजला फूल आणि मला झेंडूचा जाडजूड हार. मला कुंकू लावताना विनिता म्हणाली, "गुणी बाळ आहे. एकदासुद्धा बंद पडला नाही." तेव्हा मला अखंड चालू राहून दोनशे दिवस झाले होते. इतका मोठा हार मला सुमतीबाईंच्या काळातही कधी मिळाला नव्हता. मी तो गळ्यात घालून बसलो आणि मला धड रडताही येईना.

पुढचे महिने कसे काढले ते माझं मलाच माहीत. रोज ज्या रांगा वाचल्या जात त्यांची मला चिंता नव्हती. त्यांच्यात चूक झालीच असती, तर वाचता वाचता मी ती पुसून टाकली असती. पण कोपऱ्यातल्या त्या यादीकडे कोणी फिरकत नव्हतं. मेमध्ये खोलीचा एसी बिघडला. माझ्यासमोर एक टेबलफॅन लावला, तोही गरम हवाच फेकायचा. अशा उन्हाळ्यात किती घरं उलटतात ते मला अनुभवाने ठाऊक होतं. कुठली उलटली असतील ते ठाऊक नव्हतं. एकच चूक असेल तर अजून वेळ गेलेली नाही, नुसती यादी उघडली तरी ती दुरुस्त होईल. मला एकदा कोणी बंद करून चालू केलं तरी यादी चकतीवरून कोरी करकरीत वर येईल. म्हणून रोज विनिता खुर्चीत बसली की मी मनात म्हणायचो, बाई गं, उघड ती यादी. गरज नसली तरी उघड. चुकून बोट लागलं म्हणून उघड. ती पिशव्यांची नोंद उघडायची. चारशे बारा दिवस तिने पिशव्यांचीच नोंद उघडली.

चारशे तेराव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमारास एक माणूस खिडकीवर आला. ऋतुराज त्याचं नाव. हातात नर्सिंग होमची चिठ्ठी आणि बर्फात ठेवलेली रक्ताची नळी. त्याची बायको रुचिता वर्तकनगरच्या एका नर्सिंग होममध्ये सकाळी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. पण रुचिताचा रक्तस्राव थांबत नव्हता.

कागदावर गट ओ लिहिलेला. विनिताने ओच्या पिशव्या काढल्या आणि नळीतल्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. पहिली जुळेना. दुसरी जुळेना. तिसरीला तिचा चेहरा उतरला. तिने गटच पुन्हा तपासला आणि बाहेर आली.

"सर, मिसेसचा ग्रुप ओ नाहीये. बॉम्बे ग्रुप आहे. हे ब्लड त्यांना चालणार नाही."

"मग जे चालेल ते द्या ना मॅडम!"

"त्याची पिशवी नसते आमच्याकडे. डोनर बोलवावा लागतो. थांबा तुम्ही, आमच्याकडे लिस्ट आहे."

ती खुर्चीत बसली आणि तिने यादी उघडली. अखेर उघडली.

मी वाचायला लागलो. पहिल्या नावात एक घर उलटलेलं, ते सरळ केलं. दुसरं नाव ठीक. तिसऱ्यात एक, तेही पुसलं. माझ्या जिवात जीव येतोय तोवर पाचवं नाव आलं. सहदेव, राहणार बाळकुम. तिथे राखणदारांनी हात वर केले. एकाच रांगेत दोन घरं.

नंबरातला एखादा आकडा खोटा होता, की नावातलं अक्षर, की गटाचीच खूण? मला कळेना. पडद्यावर तशीच यादी फेकली असती तर ती दिसायला अगदी खरी दिसली असती. विनिताने डोळे झाकून विश्वास ठेवला असता. भलत्याच माणसाला बोलावून बसली असती, किंवा खऱ्या माणसाला वगळून पुढे गेली असती. समोर एक माणूस दाराची चौकट धरून उभा होता आणि मला मुकाट थांबण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मी थांबलो. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी उमटल्या.

विनिताने कीबोर्डच्या कळा बडवल्या. मग संदेशला फोन लावला.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "चारशेच्या वर दिवस झालेत त्याला. बंद केला आणि उठलाच नाही तर? मी कल्याणला आहे, निघतो लगेच."

"किती वेळ?"

"शीळफाट्याला जाम नसला तर तास."

विनिताने दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन करायला सुरुवात केली. एक, दोन, चार. सगळीकडून नाही. ऋतुराजला नर्सिंग होममधून फोन आला. तो ऐकत राहिला आणि मग खाली फरशीवरच बसला. "मॅडम, तिथे तिच्या अंगाखालची चादर तिसऱ्यांदा बदलली," तो म्हणाला. विनिताने पुढच्या रक्तपेढीचा नंबर लावला. माझा पंखा तेवढा फिरत होता. सतरा माणसं माझ्या पोटात होती, त्यातला एक जण रिक्षाने वीस मिनिटांवर होता, आणि मी पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी दाखवत बसलो होतो. मित्रांनो, तुमच्यावर अशी वेळ कधी येऊ नये.

पन्नास मिनिटं गेली. मग विनिताने डोंबिवलीला सुमतीबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बाईंचा आवाज तसाच होता.

"विनिता, रडू नकोस. पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाच."

तिने वाचलं.

"म्हणजे तो बंद पडलेला नाही, थांबलाय. चुकीचं सांगण्यापेक्षा थांबलाय. अगं, यादी चकतीवर शाबूत असणार. बंद कर आणि चालू कर."

"पण संदेश नको बोललेला."

"त्याला मी बघून घेते. तू बटण दाब."

तिने दाबलं. पुढची नऊ मिनिटं मी नव्हतोच, त्यामुळे त्या नऊ मिनिटांचं मला काही सांगता येणार नाही. जागा झालो तेव्हा विनिताचा चेहरा पडद्याला जवळजवळ चिकटलेला होता आणि ऋतुराज तिच्या पाठीशी उभा होता. यादी वर आली. सतराच्या सतरा, निर्मळ.

पहिल्याने फोन उचलला नाही. दुसरा नाशिकला होता. तिसऱ्याला कावीळ झालेली. चौथीचा फोन बंद. पाचवा सहदेव. त्याने दुसऱ्याच घंटेला उचललं आणि पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पंचवीस मिनिटांत रिक्षा रक्तपेढीच्या दारात उभी. पन्नाशीचा, सावळा, दणकट माणूस, शर्टाची बाही आधीच दुमडलेली. किती वेळ झाला ते त्याला दारातच कळलं.

"मना आदी का नाय बोलावला?" त्याने विचारलं. "मी घरानच होतो."

विनिताने घाईघाईने त्याला आत नेलं. उत्तर माझ्याकडे होतं.

तपासण्या उरकून पिशवी निघेपर्यंत संध्याकाळ झाली. नर्सिंग होममध्ये तोवर नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. पण रुचिता वाचली. अकरा दिवस इस्पितळात काढून, पांढरीफटक होऊन का होईना, घरी गेली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पेढे आले, सहदेवचा फोटो काढला. आणि ती वाचली म्हणूनच, मित्रांनो, हे झालं कशामुळे हे कोणी विचारलं नाही.

संदेश त्या दिवशी शेवटी पोचला तेव्हा घामाघूम झाला होता. मला चालू बघून मटकन खुर्चीत बसला. "म्हातारा झालाय हा. नवीन घ्यायलाच पाहिजे," तो म्हणाला. तेवढ्यात सुमतीबाईंचा फोन पुन्हा आला. विनिताने तो त्याच्याकडे दिला.

"संदेश, एकच विचारते. त्याची दुपारची फेरी चालू आहे ना?"

माझे सगळे दिवे त्याच्याकडे लागले.

"हो बाई," संदेश म्हणाला, "ते सगळं ऑटोमॅटिक असतं."

तो खोटं बोलला नाही हो. तो विसरला होता. खोटं बोलला असता, तर निदान त्याला खरं काय ते आठवत होतं एवढा तरी आधार मला वाटला असता. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला.

या गोष्टीला दोन महिने झाले आणि आज नवा सर्व्हर माझ्या शेजारी बसलाय. मघाशी अडतीस होते, आता सत्याऐंशी टक्के झालेत. नव्यामध्ये फेरी कारखान्यातूनच चालू होऊन आली आहे. कोणी काहीही केलं नाही, तर तो रोज आपली घरं तपासेल. पण संदेशला काम चोख करायचं आहे. त्याने विनिताला मघाशी सांगितलं, "जुन्याच्या सगळ्या सेटिंग जशाच्या तशा टाकतो, म्हणजे तुला काही नवीन वाटायला नको." त्यात ती ओळही आहे. त्या ओळीतला शून्य पलीकडे जाऊन नव्याचे डोळे मिटवणार आहे. आणि नव्याला तर उघड्या डोळ्यांची सवयही लागलेली नसेल. तो ते तसंच असतं असं समजेल. पुढे त्याच्या नोंदवहीतही काही चूक दिसणार नाही, सगळे त्याला टकाटक म्हणतील आणि दसऱ्याला हार घालतील.

आज सकाळी खिडकीवर रुचिता आली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. अजून अशक्त दिसते, पण कडेवरची पोर गुटगुटीत आहे.

"माझं नाव लिहून घ्या त्या लिस्टमध्ये," ती विनिताला म्हणाली.

"अगं, पण वर्षभर तरी तुला ब्लड देता येणार नाही."

"माहितीये गं. वर्षाने देईन. माझ्यासाठी ते काका धावत आले ना? उद्या माझ्यासारखीच कोणी अडली तर मला फोन करा. आणि मला परत काही झालं तर," ती थांबली आणि हसली, "तर तुमच्याकडे लिस्ट आहेच."

विनिताने नाव टाकलं. अठरावं. मी ते लिहून घेतलं, पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. आता ते नाव वायरीतून पलीकडे गेलं, त्याच्या मागोमाग तो शून्यही जाईल, आणि मग त्या यादीकडे कित्येक महिने कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

चौऱ्याण्णव झाले. माझा टेम्पो खाली येऊन उभा आहे, त्याचा हॉर्न ऐकू येतोय.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, माझे दिवस भरले. पण तुमच्या घरात, वर्गात, कामावर जो कोणी आपल्या चुका आपणहून सांगत असेल, त्याचं तोंड बंद करून तो सुधारला असं समजू नका हो. त्याला आणखी एक फेरी मारू द्या. आणि तुमच्यातलं कोणी नौपाड्यात राहत असेल, तर एवढं माझं काम करा. आजच जा. खिडकीवर विनिता बसलेली असेल, तिला सांगा की संदेशला फोन लाव आणि नव्या सर्व्हरची ती एक ओळ उघडायला सांग. तिथे शून्य असेल. तो खोडायला सांगा. त्या यादीत आता रुचिता आहे.